आधी ते आपणहून उठतंय का पाहू

श्रीमती यमुनाबाई शितोळे यांची नि माझी पहिली भेट भांडणानं झाली, हे या गौरवग्रंथात लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. संपादकांनी माझ्याकडे हृद्य आठवण मागितली होती. पण हे पान सर्वांत आधी त्या, म्हणजे आमच्या अक्काच वाचणार, आणि गोड-गोड लिहिलेलं दिसलं की फोन करून विचारणार, "माधवी, हे सगळं सुम्ने कशाला लिहिलंस?" सुम्ने म्हणजे उगाच. हा त्यांचा लाडका कानडी शब्द, आणि जगातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या लेखी सुम्नेच असतात. तेव्हा भांडणापासूनच सुरुवात करते.

मी साताऱ्याची. म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इथं आले आणि सरस्वतीपुरममध्ये भाड्यानं राहू लागले. घराजवळच आमची ही लहानशी धर्मादाय रक्तपेढी. थॅलेसेमिया झालेली मुलं तिथं ठरावीक दिवसांनी रक्त घ्यायला येतात. खेड्यांतून आईबाप पोराला घेऊन बसनं येत, आणि आल्यावर कळे की आज जुळणारं रक्त नाही. मग आल्या पावली परत. हे थांबावं, घरून निघण्याआधीच फोनवर पाहता यावं, म्हणून विश्वस्तांना तिथल्या संगणकावर वेब सर्व्हर हवा होता, म्हणजे कुणी विचारलं की माहितीचं पान पाठवून देणारा प्रोग्रॅम. हे माझं रोजचं काम. मी मोठ्या उत्साहात गेले आणि अर्ध्या तासात लावून देते म्हणाले.

खोलीच्या कोपऱ्यात पांढऱ्या वेणीच्या, सुती साडीवर पायात पळायचे बूट घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कशावर?" मला वाटलं, कुणा पेशंटच्या आजी असतील. म्हणून मी त्यांना वेब सर्व्हर म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते कळलं हो. पण लावणार कशावर? खाली काय आहे ते पाहिलंत?" काउंटरवरच्या नागराजनं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात या बाईंनी निवृत्त होईपर्यंत युनिक्स प्रणालीवरचे सगळे संगणक सांभाळले होते, हे त्यानं मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं, हे मी त्याला अजून अधूनमधून विचारते.

अक्कांचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतल्या मराठ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की वाक्य एका भाषेत निघतं आणि दुसऱ्या भाषेत पोचतं. अक्का इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकल्या आणि कारखान्यात लागल्या. संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीत बूट काढून जायची वस्तू होती, त्या काळापासून त्यांनी हे काम केलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आज देशोदेशी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी या ग्रंथात त्यांच्या ज्ञानाविषयी लिहिलं आहे. मी त्यांच्या एका सवयीविषयी लिहिणार आहे. या सवयीपायी मी त्यांच्याशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडलेले नाही.

कुठल्याही यंत्रावर नवं काही चढवायच्या आधी अक्का ते यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायला लावतात. तेही दिवसा. आमच्या धंद्यात असली कामं लोक निजल्यावर करायची पद्धत, म्हणजे कुणाचा खोळंबा होत नाही. अक्कांना ती पद्धत मान्य नाही. बिघडलं तर विचारायला माणूस जागा हवा, दुकान उघडं हवं आणि आपलं पोट भरलेलं हवं, असं त्या म्हणतात. कारखान्यात यावरून साहेबांशी त्यांचे खटके उडत, पण त्यांनी कधी ऐकलं नाही.

रक्तपेढीच्या यंत्राची तयारी आम्ही अशी काही शनिवार करत राहिलो. अर्ध्या तासाचं काम. जागा किती शिल्लक आहे ते पाहिलं, घड्याळ बरोबर आहे का पाहिलं. वेब सर्व्हरसाठी वेगळा वापरकर्ता केला, आणि त्याला फक्त त्याच्या पानांपुरतीच मुभा दिली, कारण बाहेरच्या जगाला दार उघडणाऱ्यानं आतल्या कपाटाच्या किल्ल्या बाळगायच्या नसतात, असं अक्कांचं म्हणणं. मुख्य पासवर्ड खरोखर चालतो का हे पाहायला त्यांनी मला टेबलाखाली घुसून, धूळ खात पडलेला कीबोर्ड काढून तो त्या यंत्राला थेट जोडायला लावलं. मी लांबून, माझ्या लॅपटॉपवरून सगळं करू शकत होते. तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "लांबून करता येईनासं होईल तेव्हा काय करशील, तेवढंच बघायचं आहे."

मग एक नवीच गोष्ट निघाली. ते यंत्र कित्येक वर्षांत एकदाही बंद झालं नव्हतं. आमच्यात ही अभिमानाची गोष्ट. मी आनंदानं ओरडलेच. अक्कांचा चेहरा मात्र उतरला. म्हणाल्या, म्हणजे पडल्यावर हे उठतं का, हे एवढ्या वर्षांत कुणी पाहिलेलंच नाही. मी म्हटलं, चालतंय त्याला हात कशाला लावायचा? त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी हात आपण नाही लावणार, जाणारी वीज लावेल. विश्वस्तांपर्यंत वाद गेला. निर्णय अक्कांच्या बाजूनं लागला आणि मी दोन-चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्या मात्र रोज रस्त्यात भेटल्या की माझ्या आईची चौकशी करत होत्या.

दिवस मंगळवार ठरला, कारण मंगळवारी मुलांना बोलावलेलं नसतं. सकाळी सगळ्या नोंदींची नक्कल काढून अक्कांनी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. नक्कल काढली आणि उघडून पाहिली नाही, तर ती काढलीच नाही असं त्या समजतात. मग उपमा खाऊन झाला. अक्कांनी नागराजला विचारलं, आज कुणी आहे का? तो म्हणाला, कुणी नाही. अक्का मला म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. कर बंद." मी केलं.

पंखा थांबला. त्या खोलीत तो आवाज इतका मुरलेला होता की थांबल्यावर बाहेरच्या स्कूटरी ऐकू येऊ लागल्या. मी पुन्हा चालू केलं. पडद्यावर अक्षरं धावली, धावली आणि थांबली. खाली एक ओळ लुकलुकत राहिली. यंत्र अर्धवट जागं होऊन मुख्य पासवर्ड मागत होतं आणि पुढे सरकत नव्हतं.

आणि तेवढ्यात मुलांना रक्त चढवणाऱ्या डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीतून दारात आल्या. म्हणाल्या, माझ्या पडद्यावर चैत्राची रक्ताची पिशवी दिसत नाही, काय झालं?

चैत्रा म्हणजे हेग्गडदेवनकोट्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली मुलगी. तिची आई रत्नम्मा तिला घेऊन सकाळीच आली होती. तिचा वार नव्हता, पण पोरगी दोन दिवस उठून बसत नव्हती, ओठ पांढरे पडले होते, म्हणून आई न विचारता निघाली. विचारणार तरी कुणाला? त्याचसाठी तर आमचा सगळा खटाटोप. वरचेवर रक्त घेतल्यामुळे चैत्राला आता मिळेल ती पिशवी चालत नव्हती. डॉक्टरबाईंनी बऱ्याच पिशव्या तपासून एक जुळवली होती आणि तिची नोंद यंत्रात केली होती, आम्ही नक्कल काढल्यानंतर, म्हणजे ती नकलेतही नव्हती. आणि पडद्यावर नोंद पुन्हा पडताळल्याशिवाय पिशवी लावायची नाही, हा तिथला नियम. तो बरोबरच आहे. आता नोंद नाही म्हणजे चैत्राचं पुन्हा रक्त काढायचं, पुन्हा सगळ्या पिशव्या जुळवायच्या. तिची शीर सापडता सापडत नाही. तोवर गावाकडची शेवटची बस गेलेली असणार, आणि तोवर ती पोरगी तशीच पांढऱ्या ओठांनी बाकावर पडून.

मी नागराजवर धावून गेले. तो बिचारा रडायच्या बेतात होता. त्याच्या हिशेबी 'कुणी आहे का' म्हणजे 'बोलावलेलं कुणी आहे का'. इतकी वर्षं त्या काउंटरवर त्याचा तोच अर्थ होता, आणि न बोलावता आलेली माणसं बाकावर बसत ती कुणाच्याच मोजणीत नसत. अक्कांनी मला गप्प केलं. "प्रश्न मी नीट विचारला नाही," म्हणाल्या, "बाकावर जाऊन बघायला हवं होतं."

मग त्या उठल्या आणि खोलीबाहेर निघाल्या. मी म्हटलं, अक्का, आधी यंत्र! त्या थांबल्या नाहीत. मी दारातून पाहिलं. बाकाशी जाऊन, रत्नम्मासमोर त्या जमिनीवर बसल्या आणि कानडीत सरळ सांगितलं की यंत्र मी बंद केलं आहे आणि ते उठत नाही, म्हणून तुमच्या मुलीचं रक्त थांबलं आहे. उठलं तर लगेच लावू. नाही उठलं तर पुन्हा सुई टोचावी लागेल आणि रात्री दोघींनी माझ्या घरी राहायचं. रत्नम्मानं मुलीच्या पायांवरची चादर नीट केली. मला अक्कांचा त्या क्षणी भयंकर राग आला होता. एकेक मिनिट मोलाचं आणि या कबुल्या देत बसल्या आहेत, असं वाटलं. आजही माझं मत आहे की आधी यंत्र पाहायला हवं होतं. अक्कांचं मत आहे की नाही. या विषयावर आमचं कधी जमणार नाही.

परत आल्या तेव्हा माझं बोट बंद करायच्या बटणावर होतं. घाबरलेल्या माणसाला वाटतं, आणखी एकदा बंद-चालू करावं, कदाचित होईल. अक्कांनी माझं मनगट धरलं. "हात खाली. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

मी वाचू लागले. दुसरीतल्या पोरीसारखी मी एकेक ओळ वाचत होते आणि अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मधल्या ओळी मी गाळल्या की त्यांना कळत होतं, त्या परत वाचायला लावत होत्या. खिडकीतून डॉक्टरबाई दर थोड्या वेळानं डोकावत होत्या. एका ओळीत आलं की यंत्र एका डिस्कची वाट पाहत होतं, ती आली नाही, म्हणून पुढचं सगळं थांबवलं आहे. अक्कांनी डोळे उघडले. "नागराज, टेबलाखाली एक काळी डबी होती का कधी?"

होती. फार पूर्वी नक्कल ठेवायला कुणीतरी बाहेरची डिस्क जोडली होती. ती बिघडली, कुणीतरी काढून कपाटात टाकली. पण सुरू होताना कोणत्या डिस्का शोधायच्या, त्या सूचनांतून तिचं नाव कुणी काढलं नाही. यंत्र बंदच न झाल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. त्या सूचना मी पाहिल्या होत्या, अक्कांनीही पाहिल्या होत्या. कागदावर सगळं बरोबर होतं. "टेबलाखाली तू कीबोर्ड काढायला घुसलीस, तेव्हा मीपण वाकून बघायला हवं होतं, डबी तिथं नाही हे तेव्हाच दिसलं असतं," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावर विषय संपवला.

टेबलाखालून काढलेला तो कीबोर्ड मी पुढे ओढला. मुख्य पासवर्ड टाकला. त्या शनिवारी तो चालतो हे पाहून ठेवलं नसतं, तर आम्ही तिथंच बसलो असतो, कारण लॅपटॉपवरून आत शिरायची सोय तर केव्हाच मेली होती. डिस्कची ओळ काढली. पुन्हा चालू केलं. या वेळी पडद्याकडे बघवेना, म्हणून मी अक्कांच्या पायांतल्या बुटांकडे बघत उभी राहिले. पंखा घरघरू लागला. अक्षरं धावत राहिली, थांबली नाहीत. मग डॉक्टरबाईंचा आवाज आला की चैत्राची पिशवी दिसली.

रक्त चढून झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चैत्रा बाकावर उठून बसली आणि नागराजकडे तिनं बिस्कीट मागितलं. त्यानं आख्खा पुडा दिला. अक्का दोघींना स्वतः रिक्षानं स्टँडवर सोडून आल्या, बस सुटेपर्यंत थांबल्या. मी खोलीत खुर्चीवर कोसळले होते. अक्का आत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाकावर मी बघून आले. कुणी नाही. आता परत बंद कर."

मी काय काय बोलले ते गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. साताऱ्याकडचे काही शब्द अक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, मघाशी आपण हात घालून उठवलं म्हणून उठलं, आता ते आपणहून उठतंय का पाहू. आणि एक वाक्य म्हणाल्या, ते मी आजवर विसरलेले नाही. "आज पडलं ते बरं झालं, माधवी. आपण सगळे इथं होतो. आपण नसताना पडलं असतं, तर त्या पोरीजवळ कोण होतं?"

मी बंद केलं. चालू केलं. कुणी कशाला हात लावला नाही. नागराज, डॉक्टरबाई, अक्का आणि मी, चौघं भिंतीला टेकून उभे राहिलो. ते उठलं. मग चहा आला, आणि वेब सर्व्हर लावायचं काम खरंच अर्ध्या तासात झालं. त्यातलं मला आज काहीही आठवत नाही.

आज रत्नम्मा घरून निघण्याआधी फोनवर पाहते आणि मगच बस धरते. काउंटरवर नागराज, आता कुणी न विचारताही, दर थोड्या वेळानं उठून बाकापर्यंत जाऊन येतो.

अक्कांच्या मायेविषयी लिहायला बसलं तर पानं पुरायची नाहीत, आणि त्यांना ते आवडायचंही नाही. तरी एक लिहिते. मध्यंतरी माझ्या कंपनीनं बरीच माणसं कमी केली, त्यांत मीही गेले. मी दार लावून घरात बसले. कुणाचे फोन घेतले नाहीत. अक्का सकाळी उजाडल्यावर आल्या, बूट घालूनच. मला कुक्करहळ्ळीच्या तळ्याकडे चालायला नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. धीराचं एक वाक्य नाही. तळ्यावरचे पक्षी दाखवत आणि वांग्याचा भाव सांगत त्या चालत राहत. शेवटी एकदा मीच रडले. तेव्हा त्या म्हणाल्या, "पडलीस ते वाईटच झालं. पण आम्ही सगळे आहोत ना गं इथं." त्या घरी गेल्यावर मी आंघोळ केली, केस विंचरले आणि नोकरीसाठी पहिला फोन केला.

आता त्यांचा पंचाहत्तरीचा सोहळा ठरला आहे. आम्ही संध्याकाळची वेळ सुचवली होती. त्यांनी ती बदलून घेतली. सोहळा सकाळी हवा, कामाच्या दिवशी हवा, सगळे हजर हवेत. कारण विचारलं, तर सांगितलं की सोहळा झाला की त्या धाकट्या बहिणीकडे शिमोग्याला जाणार आहेत आणि फोन बंद ठेवणार आहेत. किती दिवस, ते सांगणार नाहीत. रक्तपेढीचं यंत्र, वेब सर्व्हर, नव्या मुलांच्या नोंदी, सगळं आमच्यावर. मी म्हटलं, अक्का, हे काय वय आहे का आमची परीक्षा घ्यायचं? त्या हसल्या आणि म्हणाल्या की हेच वय आहे.

त्या काय करत आहेत ते मला कळलं आहे. त्या स्वतःला बंद करून पाहत आहेत, दिवसाढवळ्या, आम्ही सगळे जागे असताना, आणि त्यांना परत येणं शक्य असताना. खरं सांगते, मला भीती वाटते. इतकी वर्षं कुठंही अडलं की आम्ही मान वळवून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहत आलो आहोत.

पण अक्का, तुम्ही निवांत जा. आम्ही पडलो तर ओळन्‌ओळ मोठ्यानं वाचू, मधली गाळणार नाही. टेबलाखाली वाकून पाहू आणि आधी बाकाजवळ जाऊन येऊ. तुम्हांला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, तळ्याची फेरी कधी न चुको. आणि परत याल तेव्हा न सांगता या, दारातच जरा थांबा. आतून पंख्याची घरघर ऐकू येईल.